लग्न मोडलं, म्हणून ग्रीन कार्डही गेलं का?



नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे. देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात. ते पासपोर्ट घेऊन आपल्याकडच्या मुलीही लग्नानंतर अमेरिकेला जातात. स्थळ पाहताना पगार, घर, पत्रिका सगळं विचारलं जातं. मुलगी तिथे कोणत्या व्हिसावर राहणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. लग्न मोडायची वेळ आली की सगळं तिथेच अडतं.

नवरा नोकरीच्या एच-वन बी व्हिसावर असेल, तर बायकोला एच-फोर मिळतो. तो सर्वस्वी नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तिचा तिथे राहण्याचा आधारच संपतो. म्हणून शिक्षणाचा किंवा स्वतःच्या नोकरीचा व्हिसा मिळवण्याची खटपट हुकूमनाम्याआधी करायला हवी.

नवरा अमेरिकेचा नागरिक असेल, तर गोष्ट वेगळी. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ते सशर्त, फक्त दोन वर्षांचं मिळतं. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी 1986 साली हा कायदा झाला. मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-751 हा अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. अर्जावर दोघांची सही लागते, आणि कित्येक घरांत हीच सही धमकी बनते. ‘सही करणार नाही, मग जा परत.’ मुलगी मुकाट्याने सोसते आणि फोनवर आपण तिला सांगतो, दोन वर्षं निघू दे.

असं सांगू नका, ही माझी कळकळ आहे. घटस्फोट झाला असेल, तर नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीला अर्ज करता येतो. त्यासाठी 90 दिवसांची वाट पाहावी लागत नाही. मारहाण किंवा क्रूर छळ होत असेल, तर घटस्फोटाचीही गरज नाही. लग्न खऱ्या मनाने केलं होतं, हे तिला पटवून द्यावं लागतं. एकत्र बँक खातं, घराचा भाडेकरार, कराची विवरणपत्रं, विमा, फोटो, हे सगळं कामी येतं. या कागदांच्या प्रती तिच्या स्वतःच्या ताब्यात हव्यात.

विवाह रद्दबातल ठरला, तरीही हा एकटीचा अर्ज करता येतो. पण इथे फार जपा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून मागता येतं. ‘एकदाचं मिटू दे’ म्हणून मुलीने तसल्या आरोपाला उत्तरच दिलं नाही, तर निकालातला ‘फसवणूक’ हा शब्द तिकडचा अधिकारीही वाचणार. जिला आपलं लग्न खरं होतं हे सिद्ध करायचंय, तिने असा आरोप मुकाट्याने पत्करू नये.

वेळेचंही गणित आहे. आपल्याकडे परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, पुढे साधारण सहा महिने थांबावं लागतं. कार्डाची मुदत मात्र दोनच वर्षं. तिकडच्या कोर्टात घटस्फोट घ्यायचा, तर सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा नरसिंह राव खटल्याचा निकाल आधी समजून घ्या. पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केलेला नसेल आणि घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यात बसत नसेल, तर तो हुकूमनामा इथे टिकत नाही. म्हणजे तिकडे घटस्फोटित आणि इकडे विवाहित, अशी अवस्था होते.

आई-वडिलांनो, मुलीच्या कार्डावरची तारीख आजच विचारून घ्या. घरात ताण दिसला, तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तिला तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा. दिल्लीला राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, तिथे तक्रार करता येते. आणि तिचा पासपोर्ट तिच्याच हातात राहू द्या.