पुडा उलटा करून वाचा

(साक्षरता वर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. तुम्ही वाचायला शिकलात. आता तुम्ही एस. टी.ची पाटी वाचाल. सात-बाराचा उतारा वाचाल. मुलाचं प्रगतिपुस्तक वाचाल. फार चांगलं झालं. आज मी तुम्हाला आणखी एक गोष्ट वाचायला सांगणार आहे. दुकानातून आणलेला खाण्याचा पुडा वाचायला.

तुम्ही म्हणाल, "पुडा काय वाचायचा? पुडा फोडायचा आणि पोरांच्या हातात द्यायचा." मीही असंच म्हणत होतो. पण एका उन्हाळ्यात डोळे उघडले. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या शेजारी दीड वर्षाचं पोर होतं. त्याला जुलाब लागले. आई घाबरली. बाप तालुक्याला गेला. औषधाच्या दुकानात त्यानं 'जुलाबावरचं पाणी' मागितलं. दुकानदारानं एक खोकं दिलं. खोक्यावर फळाचं छान चित्र होतं. नावात 'ओ आर एस' ही तीन अक्षरं होती. बापानं चांगले पैसे मोजले आणि खोकं घरी आणलं.

पाणी गोड होतं. पोर आवडीनं प्यालं. आईला बरं वाटलं. पण संध्याकाळपर्यंत जुलाब वाढले. पोराचे डोळे खोल गेले. ते रडेना, खेळेना, नुसतं पडून राहिलं.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी खोकं हातात घेतलं. उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. म्हणाल्या, "दादा, हे औषध नाही. हे सरबत आहे."

त्यांनी आपल्या पिशवीतून क्षारांची पुडी काढली. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ती विरघळवली. चमच्या-चमच्यानं पोराला पाजलं. रात्रीच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पोर वाचलं. आज ते अंगणवाडीत जातं.

पण त्याचा बाप मला म्हणाला ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, "मी फुकट नाही आणलं. पैसे देऊन आणलं. औषधाच्या दुकानातून आणलं. मग माझं चुकलं काय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. नावानं त्याला फसवलं होतं.

गोड पाणी आणि औषधाचं पाणी

हे नीट समजून घ्या. जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून काढायला ठरलेल्या मापाचं पाणी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं हे माप ठरवून दिलं आहे. एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम आणि बाकी दोन क्षार थोडे थोडे. यात साखर आहे, पण थोडी. ती चवीसाठी नाही. आतड्यानं मीठ आणि पाणी शोषून घ्यावं म्हणून आहे.

साखर फार झाली की उलटं होतं. जादा साखर आतड्यात पाणी ओढून आणते. जुलाब वाढतात. त्या खोक्यात साखर फार होती. म्हणून पोर जास्त आजारी पडलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हुकूम काढला. ठरलेल्या मापात न बसणाऱ्या पेयाच्या नावात 'ओ आर एस' ही अक्षरं घालायची नाहीत, असा तो हुकूम आहे. चांगलं झालं. पण नाव बदललं म्हणून आतलं सरबत बदलतं असं नाही. तेव्हा खरी पुडी आशाताईंकडून घ्या. ती सरकारी दवाखान्यातही मिळते. तिला पैसे पडत नाहीत.

पुडी हाताशी नसेल तर घरी करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात चहाचे सहा लहान चमचे साखर घाला. अर्धा चमचा मीठ घाला. चमचा बोटानं सपाट करा, शीग लावू नका. मीठ जास्त पडता कामा नये. अंगावर पिणारं बाळ असेल तर अंगावरचं दूध चालूच ठेवा. मूल पाणी पिईना, गुंगीत राहू लागलं, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं, तर एक क्षणही थांबू नका. दवाखाना गाठा.

पुढे चित्र, मागे खरं

आता पुड्याकडे वळू. पुड्याला दोन बाजू असतात. पुढची बाजू विकणाऱ्याची. तिच्यावर गव्हाची लोंबी असते, दुधाची धार असते, हसरं मूल असतं. 'शक्ती', 'उंची', 'पौष्टिक' असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात.

मागची बाजू कायद्याची. आत काय आहे ते तिथं लिहावंच लागतं. म्हणून ती बारीक अक्षरांत असते! आपल्याकडे म्हण आहे, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पुड्याच्या पुढच्या बाजूला ही म्हण चपखल बसते.

मागच्या बाजूला दोन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, आत घातलेल्या जिनसांची यादी. कायदा असा आहे की जी जिन्नस वजनानं सगळ्यात जास्त, ती यादीत पहिली. मग तिच्याहून कमी, मग तिच्याहून कमी. म्हणजे पहिली तीन नावं वाचली की पुड्याचं पोट कळलं.

दुसरी गोष्ट, आकड्यांचा तक्ता. शंभर ग्रॅम मालात साखर किती, चरबी किती, प्रथिनं किती, ते त्यात असतं.

एक अडचण आहे. ही अक्षरं बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. कायद्यानं इंग्रजी किंवा हिंदी चालते. मराठी असेलच असं नाही. पण घाबरू नका. आकडे तुम्हाला येतात. मोबाइलवर तेच आकडे असतात. शब्द कळला नाही तर शाळेत जाणाऱ्या मुलीला विचारा. तिला म्हणावं, "साखर हा शब्द इंग्रजीत पाटीवर काढून दे." एस, यू, जी, ए, आर ही पाच अक्षरं. दोन दिवस घोटलीत तर तिसऱ्या दिवशी दुकानात ओळखाल. मैदा आणि पामतेल हे शब्दही असेच शिकून घ्या. आणि ध्यानात ठेवा, साखर वेशही बदलते. ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, ही सगळी तिचीच भावंडं.

डब्यातली भुकटी

आता डब्यातली भुकटी घेऊ. ही दुधात घालून मुलांना देतात. 'ही प्यायल्यावर मुलगा उंच होईल, हुशार होईल' असं जाहिरात सांगते.

अशा काही डब्यांच्या मागे शंभर ग्रॅम भुकटीत साखर तीस ग्रॅमहून जास्त लिहिलेली असते. समजा आकडा ३५ आहे. एका पेल्यात २० ग्रॅम भुकटी पडली, तर साखर झाली ७ ग्रॅम. दिवसातून दोन पेले, म्हणजे १४ ग्रॅम. त्यावर आई प्रेमानं आणखी एक चमचा साखर घालते, ती वेगळी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराचे नियम नव्यानं सांगितले. त्यात वरून घातलेली साखर मोठ्या माणसानंही दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं आहे. मग आपल्या लहानग्याची निम्मी मर्यादा तर त्या दोन पेल्यांतच संपली!

"पण ताकद येते ना?" असं कोणी विचारेल. ताकद येते ती दुधानं. पाव लिटर दुधात प्रथिनं साधारण आठ ग्रॅम. त्यात पडणाऱ्या भुकटीत एक-दोन ग्रॅम. मान दुधाचा आणि गाजावाजा डब्याचा.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या व्यापार खात्यानं मोबाइलवरून माल विकणाऱ्या दुकानांना कळवलं, की अशी पेयं 'आरोग्य पेय' या नावाखाली मांडू नका. कारण २००६ च्या अन्न कायद्यात 'आरोग्य पेय' असा प्रकारच नाही. म्हणजे ज्या नावावर आपण पैसे मोजत होतो, त्याला कायद्यात जागाच नव्हती.

आमच्या गावात एक बाई घरच्या शेळीचं दूध विकायची आणि त्या पैशातून नातवासाठी हा डबा आणायची. मनात माया होती. पण घरातलं सोनं गेलं आणि कथील आलं.

बिस्किटं, फळांचं पाणी आणि तेल

बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाची लोंबी असते. मागची यादी वाचा. पुष्कळदा पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पामतेल. 'अनेक धान्यांचं' असं पुढे लिहिलेलं असलं, तरी मागे त्या धान्यांचं नाव कितव्या जागी आहे ते पाहा. शेवटी असेल तर ती चिमूटभर. 'साखर नाही' असं लिहिलेल्या बिस्किटातही मैदा आणि तेल असतंच. मधुमेहाच्या माणसानं ते पोटभर खाऊ नये.

फळांच्या पाण्याचंही तेच. फळाचं पेय म्हणून विकायला शेकडा दहा भाग फळाचा रस असला तरी चालतो. बाकी पाणी आणि साखर. काही खोक्यांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असं लिहीत. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तो भरलेला असे. जून २०२४ मध्ये प्राधिकरणानं हे लिहिणं काढून टाकायला सांगितलं. आपल्या परसात पेरूचं झाड आहे. एक पेरू चावून खाल्ला तर त्यात साखर कमी, चोथा जास्त आणि क जीवनसत्त्व भरपूर.

तेलाच्या पिशवीवर लिहितात, 'यात कोलेस्टेरॉल नाही.' कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. शेंगदाण्याच्या, करडईच्या किंवा पामच्या कुठल्याच तेलात ते कधी नव्हतं. मग त्यात नवं काय सांगितलं? 'आमच्या म्हशीला शिंगं आहेत' असं सांगण्यासारखं ते आहे.

मग करावं काय?

मी बायकांना दोष देत नाही. पहाटे उठून स्वयंपाक, मग खुरपणी, मग पाणी. मूल रडतं आणि पाच रुपयांचा पुडा त्याला गप्प करतो. हे मला कळतं. पुरुषांनाही सांगतो, बाजारातून येताना हा पुडा बहुतेक वेळा आपणच आणतो.

म्हणून सोपे उपाय सांगतो. बाजाराच्या दिवशी पाच रुपयांच्या पुड्यांचे पैसे एकत्र धरा आणि त्यांचे फुटाणे आणि शेंगदाणे आणा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिनं सुमारे २४ ग्रॅम. साध्या गोड बिस्किटात सात-आठ ग्रॅम. डब्यात भरून मुलाच्या हाताला येईल असं ठेवा. अगदी लहान मुलाला मात्र अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. त्याला कूट करून द्या.

नाचणीची आंबील करा. शंभर ग्रॅम नाचणीत हाडांना लागणारं कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. घरची अंडी सगळी विकू नका. रोज एक मुलासाठी ठेवा. गूळही गोडच आहे, तोही बेतानं.

तान्ह्या बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. पुढे दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध आणि घरचं मऊ जेवण. बाळाच्या डब्याच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ पासून कायद्यानं बंधन आहे. सरकारला कायदा का करावा लागला, ते तुम्हीच ओळखा.

सगळे पुडे वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. आयोडीनचं मीठ पुड्यातच येतं. आशाताईंची पुडीही पुडीच. ती तर जीव वाचवते. सणाला, जत्रेला पोरानं बिस्किट खाल्लं तर काही बिघडत नाही. पण बिस्किटाला जेवण समजू नका. सरबताला औषध समजू नका.

त्या बापानं मला विचारलं होतं, "माझं चुकलं काय?" त्या वेळी त्याला वाचता येत नव्हतं. यंदा तो तुमच्याच वर्गात बसला. परवा तो दुकानात पुडा उलटा करून वाचत होता. दुकानदार हसला आणि म्हणाला, "मास्तर झालास की काय?" तो म्हणाला, "नाही. बाप झालोय."

बांधवांनो, भगिनींनो, अक्षर शिकलात ते अशाच कामाला यावं. एवढं सांगून मी माझं बोलणं पुरं करतो.

ध्यानात ठेवा

१. पुड्याची पुढची बाजू पाहू नका, मागची वाचा.

२. यादीतलं पहिलं नाव म्हणजे सगळ्यात जास्त घातलेली जिन्नस.

३. जुलाबात दुकानातलं गोड पेय देऊ नका. क्षारांची पुडी द्या.

४. भुकटीपेक्षा दूध, बिस्किटापेक्षा दाणे-फुटाणे, खोक्यातल्या रसापेक्षा फळ.

करून पाहा

घरात असलेला एक पुडा घ्या. त्यावरची पहिली तीन नावं आणि साखरेचा आकडा वहीत लिहा. शेजारच्या घरी वाचून दाखवा.