दोन एकरांचे गाऱ्हाणे



द्राक्ष, डाळिंब, आंबा बागायतदारांच्या संघांचे पदाधिकारी या परिषदेला जमले आहेत, म्हणूनच आजचा विषय कॉफीचा आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याच्या आसपास, तीही थोडीच. पण दक्षिणेतल्या कॉफीवाल्यांनी आपली बाजू सरकारपुढे कशी मांडली आणि त्यांचे संघ कुठे कमी पडले, हे आपल्या प्रत्येक संघाने बारकाईने पाहण्यासारखे आहे.

दक्षिण भारतातल्या मळेवाल्यांचा संघ ‘उपासी’ १८९३ मध्ये स्थापन झाला. गोऱ्या मळेमालकांचा तो काळ. कुन्नूरच्या या संघाचे दार सरकारदरबारी उघडे असे, आणि धंद्याची गाऱ्हाणी म्हणजे मोठ्या मळ्यांची गाऱ्हाणी असाच हिशेब होता. आज देशातले ९८ टक्क्यांहून अधिक कॉफी उत्पादक १० हेक्टरांच्या आतले आहेत. संघाचा कस लागतो तो इथे.

दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली. मग १९४२ च्या कायद्याने कॉफीची विक्री कॉफी बोर्डाच्या हाती गेली. घरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवायची, बाकी सारी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची. बोर्ड लिलाव करणार, पैसे हप्त्याहप्त्याने येणार. पडत्या काळात या व्यवस्थेने कॉफीला तारले, हे नाकारता येणार नाही. पुढे मात्र तीच जाचक झाली. माल स्वतःचा, पण भाव ठरवण्यात शब्द नाही, आणि शेवटच्या हप्त्यासाठी वाट पाहत बसायचे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत मोडली, भाव गडगडले. दोनच वर्षांत सोव्हिएत संघ हे मोठे गिऱ्हाईकही गेले. बागायतदारांच्या संघटनांनी खुल्या विक्रीची मागणी लावून धरली. १९९२ मध्ये ३० टक्के माल देशात विकायची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी निम्मा माल मोकळा झाला आणि १९९६ मध्ये सगळा. कुणा एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाने हे घडले नसते.

तरी या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शतकाच्या वळणावर जगभर कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा मोठा मळेवाला माल गोदामात राखून ठेवू शकत होता. दोन एकरवाल्याला मजुरी भागवायला तोडणी होताच ओली फळे व्यापाऱ्याला घालावी लागत. खुली विक्री मिळवण्यासाठी संघटनांनी जेवढा जोर लावला, तेवढाच गावोगावी गोदामे आणि तारणकर्ज उभे करण्यासाठी लावायला हवा होता.

मजुरांचा प्रश्नही असाच. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर ही मळेमालकाची जबाबदारी ठरवली. मालकांचे संघ खर्चाचे गणित मांडतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण वेचणाऱ्या बाईची मजुरी हा केवळ खर्च मानणारा संघ साऱ्या धंद्याच्या वतीने बोलू शकत नाही.

आता नवा प्रश्न युरोपातून आला आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही, असा युरोपीय संघाचा २०२३ चा नियम आहे. प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमल पुढे ढकलला गेला असला तरी नियम उभा आहे, आणि आपल्या कॉफीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटली आहे. कर्नाटकातल्या कोडगूची बाग डोळ्यांपुढे आणा: वर सिल्व्हर ओकची आणि रानझाडांची सावली, खोडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली कॉफी. उपग्रहाला वरून दिसते ती झाडांची दाटी. हे जंगल की बाग, हे ब्रुसेल्सला पटवून देणे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. ते संघाचेच काम आहे.

इथे नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांकडे देण्यासारखे बरेच आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीवर प्लॉटची नोंदणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांवरून युरोपने द्राक्षे अडवली, तो फटकाही त्यांनी सोसला आहे. नोंदणीचा खर्च कुणी उचलायचा, चुकलेला नकाशा कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, माल अडला तर कागद कुणी पुढे करायचे, हे कोडगू आणि चिक्कमगळूरच्या लहान बागायतदारांना त्यांनीच समजावून सांगावे. दोन्हीकडच्या संघांची अशी बैठक नोव्हेंबरात अरेबिकाची तोडणी सुरू होण्याआधी व्हावी, आणि तिचा ठराव याच परिषदेत मांडला जावा.