दोन धन्यांचा विद्यार्थी

पहांटे सवापांच वाजतां डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला एखादा तरुण श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. सात वाजतां मुंबईंतील कॉलेजांत त्याचे तास सुरू होतात. अकरा वाजतां तो एका पेढीवर हिशेबाच्या कामास बसतो आणि सायंकाळीं सात वाजतां तेथून सुटून परतीची गाडी गांठतो. शेजारीपाजारी त्याचें कौतुक करतात. मुलगा स्वतःच्या पायांवर उभा राहून शिकतो आहे, असें अभिमानानें सांगतात. कौतुक यथार्थच आहे. परंतु कौतुकानें दिवसाचे तास वाढत नाहींत. म्हणून त्या तासांचा हिशेबच एकदां मांडून पाहणें उचित होईल.

नोकरीचे आठ तास, कॉलेजचे चार आणि जाण्यायेण्याचे तीन, मिळून पंधरा झाले. स्नान, भोजन व घरचीं किरकोळ कामें यांस अडीच तास धरावे, आणि प्रकृतीस अवश्य अशी सात तासांची झोप धरावी. बेरीज साडेचोवीस होते! दिवस मात्र चोवीस तासांचाच आहे. म्हणजे घरीं पुस्तक उघडण्यापूर्वींच अर्ध्या तासाची तूट आली. परीक्षा जवळ आली, घरांत कोणी आजारी पडलें किंवा गाडी उशिरा आली, कीं ती तूट वाढते. ती भरून कोठून काढावयाची? पेढीचा धनी आपला वेळ सोडीत नाहीं, कॉलेज हजेरी सोडीत नाहीं. निमूटपणें देणारी तेवढी झोप उरते.

झोपेचें हें कर्ज मोठ्या व्याजाचें असतें. दिवसा वाचलेलें स्मरणांत पक्कें बसण्याचें पुष्कळसें कार्य निद्रेंत होतें, हें आतां शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे. झोप तुटली कीं अवधान सुटतें. मग वर्गांत व्याख्यान कानांवरून जातें आणि पेढीवर आंकडा एका रकान्याऐवजीं दुसऱ्यांत पडतो. प्राध्यापक म्हणतात, मुलाचें लक्ष नाहीं. धनी म्हणतो, मुलाच्या हाताला वळण नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें असतें. परंतु त्या मुलाचा दुसरा धनी त्याजकडून काय मागतो, हें मात्र दोघांपैकीं एकालाही ठाऊक नसतें. सारा अनर्थ या अज्ञानांत आहे.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रशाळा काढली, तेव्हां दिवसाचे श्रम गृहीत धरूनच शिक्षणाची वेळ ठरविली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहांतील मुलें शेतांत राबत, आपला स्वयंपाक आपण करीत व शिकत. साताऱ्यास १९४७ सालीं निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत हेंच तत्त्व उच्च शिक्षणासही लागू झालें. या पद्धतीचें मर्म असें, कीं काम देणारा आणि विद्या देणारा हे दोन नव्हते. कुदळ केव्हां ठेवावी व पुस्तक केव्हां उचलावें, हें एकच हात ठरवीत असे.

मुंबईसारख्या शहरांत हें शक्य नव्हतें. तेथें दुसरा मार्ग निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें. वर्ग सकाळीं ठेवल्यामुळें विद्यार्थ्यास दिवसा नोकरी करतां येऊं लागली. येथें कॉलेजनें आपलें घड्याळ विद्यार्थ्याच्या घड्याळाशीं जुळवून घेतलें.

तिसरा मार्ग कायद्याचा आहे. ब्रिटनमध्यें पदवीसाठीं गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असतां सामान्यतः आठवड्यास २० तासांहून अधिक काम करतां येत नाहीं. ऑस्ट्रेलियानें जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली आहे. तिकडे गेलेल्या मराठी मुलांच्या ती चांगल्या परिचयाची आहे. डोंबिवलीच्या तरुणास मात्र अशी कोणतीही मर्यादा राखीत नाहीं; आणि ती राखल्यास त्याचें घर चालेलच असेंही नाहीं. तेव्हां त्याच्यासाठीं समंजसपणा हाच उपाय उरतो.

धन्यानें कामाच्या वेळा महिनाभर आधीं सांगाव्या आणि वरचेवर बदलूं नयेत. परीक्षेच्या पंधरवड्यांत काम हलकें करावें. हा दानधर्म नव्हे. विश्रांति मिळालेला माणूस चुका कमी करतो आणि नोकरी सोडून जात नाहीं. कॉलेजनें हजेरीचा दंड करण्यापूर्वीं मुलास त्याच्या नोकरीची वेळ विचारावी. विद्यार्थ्यानेंही संकोच सोडून दोघांना खरी परिस्थिति प्रथमच सांगावी. लपविलेली अडचण पुढें आळसाच्या नांवानें ओळखली जाते. एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा करण्यांत कमीपणा नाहीं. मधेंच प्रकृति गमावून शिक्षण सोडण्यांत मात्र कायमची हानि आहे.

घरांतील वडील मंडळींचेंही यांत कर्तव्य आहे. नोकरी करून शिकणारी मुलगी रात्रीं घरीं येते, तेव्हां चूल व भांडीं तिची वाट पाहत असतात. तिला दोन नव्हे, तीन धनी असतात. त्यांपैकीं एकास तरी रजा देणें घरच्यांच्या हातीं आहे.

ज्या घरांत हें भाषण ऐकलें जात आहे, त्यांच्याही दारीं रात्रीं उशिरा जिन्नस घेऊन येणारा मुलगा कदाचित् कॉलेजचा विद्यार्थी असेल. पांच मिनिटांच्या उशिराबद्दल त्याची तक्रार करण्यापूर्वीं त्याचे तास कसे वांटले गेले आहेत, एवढा विचार मनांत यावा. त्याच्या कष्टाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. त्याला अर्धा तास अधिक झोप मिळेल, अशी व्यवस्था करणारे मात्र थोडे आहेत.