जैन प्रतीकाची संगणकीय रेखाटणी



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त १९७४ साली सर्व संप्रदायांनी स्वीकारलेले जैन प्रतीक आज पत्रिका, फलक, कमानी अशा सर्वत्र विराजमान आहे. मात्र जागेनुसार चित्र ताणले की धर्मचक्र लंबवर्तुळ होते आणि लोकाकृतीचे प्रमाण बिघडते.

एसव्हीजी या संगणकीय भाषेत चित्राऐवजी ते रेखाटण्याच्या सूचना लिहिल्या जातात. शास्त्रानुसार लोकाची उंची १४ रज्जू. रुंदी तळाशी ७, मध्यावर १, त्यावर ५ व शिखरी १. एका रज्जूस २० एकके धरल्यास ८ बिंदूंतून २८० एकके उंचीची आकृती सिद्ध होते. चक्राचा एकच आरा लिहून १५-१५ अंशांनी फिरविला की २४ आरे पूर्ण होतात. आकार कितीही वाढविला तरी रेषा सुस्पष्टच राहते.

एक सावधानता मात्र आवश्यक. या भाषेत उभे अंक वरून खाली वाढतात. शालेय आलेखाप्रमाणे अंक लिहिल्यास संपूर्ण आकृती उलटते; ती फिरवून सरळ केली तरी स्वस्तिक विपरीत दिशेचेच राहते. लोकाकृती सुलट दिसत असल्याने हा दोष सहसा ध्यानी येत नाही. म्हणून जाणकारांनी तपासलेली एकच संहिता ट्रस्टच्या दप्तरी जतन व्हावी आणि प्रत्येक मुद्रकास तीच दिली जावी. प्रतीकाचे पावित्र्य त्याच्या शुद्धतेत आहे.

जय जिनेंद्र!