रोजची उपकारस्तुती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 आमच्या घरच्या पद्धतीने सलाम. आपल्यातल्या कित्येकांना आठवत असेल, माझ्या घरी आलात की माझे वडील दारातच हात कपाळाला लावून ‘सलाम’ म्हणायचे आणि तुम्ही गोंधळून त्यांच्या पाया पडायचा. दोघांचंही बरोबर होतं.

संयोजकांनी मला ‘कृतज्ञता’ हा विषय दिला. मी प्रवचनकार नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, माझं बोलणं बहुतेक संगणकाशी असतं. त्यामुळे विषयाची व्याख्या सांगण्यापेक्षा नगरच्या एका ख्रिस्ती घरात मी जे पाहिलं आणि पुढे नोकरीत, संसारात जे उपयोगी पडलं, तेवढंच सांगते. त्यातलं ज्याला जे लागू पडेल ते त्याने घ्यावं.

आमच्यात ‘उपकारस्तुती’ असा शब्द आहे. बाळ झालं, परीक्षा पास झाली, आजारातून माणूस उठलं की घरी पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची भक्ती ठेवायची. मंडळीची सामुदायिक उपकारस्तुती म्हणजे हंगामाचा सण. माझं आजोळ नेवासे तालुक्यात, वडाळ्याजवळ. सुगी झाली की एका रविवारी सगळे जण शेतातलं, घरातलं काहीतरी घेऊन चर्चमध्ये यायचे. ज्वारीची कणसं, बाजरी, भोपळा, मेथीची जुडी, अंडी, कुणाची कोंबडी. ती कोंबडी प्रार्थनेत मधूनच ओरडायची आणि आम्ही शब्बाथ शाळेतली मुलं तोंडावर हात धरून हसायचो. भक्ती संपली की अंगणात लिलाव. एखाद्या म्हातारीने आणलेली मेथीची जुडी चढत चढत पोत्याच्या किमतीला जायची. घेणारा पैसे भरायचा आणि म्हणायचा, “पुन्हा लिलावात ठेवा.” तीच जुडी दोन-तीनदा विकली जायची. बाजारभावाचा तिथे काही संबंध नव्हता. आपल्याला मिळालं, ते आपल्या एकट्याच्या कर्तबगारीने मिळालेलं नाही, हे सगळ्यांसमोर हातात काहीतरी घेऊन सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, “पीक आलंच नाही तर सण कसा करायचा?” ती म्हणाली, “बहात्तर साली केला की.” १९७२चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातल्या घराघरात कुणीतरी सांगितलेला आहे. खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी थापायच्या. त्या वर्षी आजी पदरात ओंजळभर मिलो बांधून चर्चमध्ये गेली. शेतात काही उगवलेलं नव्हतं, हातात जे होतं ते तिने नेलं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली. त्याकडे मी येतेच.

त्याआधी आपल्या भाषेबद्दल थोडंसं. आपण मराठी माणसं घरात ‘धन्यवाद’ म्हणत नाही. आईने ताटात भाकरी वाढली आणि आपण ‘आभारी आहे’ म्हटलं, तर ती विचारेल, “बरं वाटत नाही का तुला?” जवळच्या मित्राचे आभार मानले तर तो म्हणतो, “परकं करू नकोस.” ‘आभार’ या शब्दात भार आहे आणि ‘उपकार’ म्हटलं की पुढचं क्रियापद ‘फेडणं’ असतं. म्हणून आपण जवळच्या माणसांना त्या हिशेबातून बाहेर ठेवतो. ही रीत मला आवडते. पण तिची एक अडचण आहे. शब्द म्हणायचा नाही असं ठरलं की हळूहळू लक्षही जात नाही. भाकरी कुणी थापली, पाणी कुणी भरलं, हे दिसेनासंच होतं.

लूकच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले आणि येशूकडे परत आला फक्त एक. तोही शोमरोनी, म्हणजे त्या काळच्या यहुदी लोकांच्या दृष्टीने परका. आम्हांला शब्बाथ शाळेत शिकवताना बाकीचे नऊ जण कृतघ्न म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं जायचं. आता मला ते नऊ जण चांगले ओळखीचे वाटतात. त्यांना याजकाकडे जायला सांगितलं होतं, ते त्या वाटेवर होते. किती वर्षांनी घरी जायचं असेल, मुलांना जवळ घ्यायचं असेल. ते वाईट नव्हते, घाईत होते. आपण बहुतेक वेळा त्या नवांमध्ये असतो.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. सर्व्हर बंद पडला की रात्री दोन वाजता फोन वाजतो. तो तीनशे दिवस नीट चालला, तर एकही फोन येत नाही. संगणकाच्या नोंदींमध्येही आम्ही मुख्यतः चुकाच शोधतो. माणसाचं मनही तसंच लिहिलेलं असावं. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक साधी सवय लावून घेतली. झोपताना प्रार्थनेत त्या दिवसापुरती तीन माणसं आठवायची, ज्यांच्या कामामुळे माझं काम झालं. ‘सर्वांचं भलं कर’ असं मोघम म्हणायचं नाही, नावानिशी म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की यातल्या निम्म्या लोकांची नावं मला ठाऊकच नाहीत. मग दुसऱ्या दिवशी विचारणं आलं. सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, ऑफिसात टेबल पुसणाऱ्या मावशी, कॅबचा ड्रायव्हर. नाव विचारलं की माणूस गाव सांगतो, गाव सांगितलं की मुलांचं शिक्षण निघतं. प्रार्थनेने माझ्यासाठी एवढं तर नक्की केलं.

आता ती चाळिशीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे नोकरकपात झाली. सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि दुपारी लॅपटॉप बंद. घराचं कर्ज चालू होतं. आई माझ्याकडे होती आणि तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. नातेवाईक, चर्चमधली माणसं प्रेमाने म्हणायची, “देव करतो ते बऱ्यासाठीच.” खरं सांगते, त्या वाक्याचा मला काडीचा आधार वाटला नाही. मला आधार वाटला तो स्तोत्रसंहितेचा. दीडशे स्तोत्रांमध्ये कितीतरी स्तोत्रं चक्क तक्रारीची आहेत. देवाला जाब विचारणारी. ती पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेली नाहीत, याचा अर्थ तक्रार करणं हासुद्धा विश्वासाचाच भाग आहे, असं मी समजते.

त्या दिवसांत आई जेवणाआधी नेहमीसारखी हात जोडून ताटातल्या अन्नासाठी आभार मानायची. कर्जाबद्दल, नोकरीबद्दल बोलायची नाही. समोर पोळी-भाजी असेल तर पोळी-भाजीबद्दल. प्रभूच्या प्रार्थनेत मागणं आहे ते आजच्या भाकरीचं. वर्षभराच्या धान्याचा त्यात उल्लेख नाही. आजीच्या ओंजळीतला मिलो मला तेव्हा कळला. पीक आलं नाही हे तिला दिसत होतंच, तिने ते नाकारलं नव्हतं. पण जे हातात होतं, तेही तिने दिसेनासं होऊ दिलं नाही. विश्वास म्हणजे पुढे सगळं ठीक होईल अशी खात्री, असं मला आता वाटत नाही. खात्री नसताना आजचा दिवस नीट करणं, एवढाच मला जमणारा विश्वास आहे.

सात महिने लागले दुसरी नोकरी मिळायला. त्या सात महिन्यांत आपल्या बॅचमधल्या एकाने स्वतःहून माझा बायोडेटा मागून घेऊन चार ठिकाणी पाठवला. आपल्या गणिताच्या बाई दर पंधरा दिवसांनी फोन करायच्या आणि नोकरीचं काही विचारायच्या नाहीत, फक्त “जेवलीस का?” म्हणायच्या. मुलाखत आणि डायलिसिस एकाच दिवशी आलं, तर आईला दवाखान्यात घेऊन जाणारी आणि चार तास तिच्याजवळ बसणारी आपलीच एक वर्गमैत्रीण होती. ती आत्ता समोर बसली आहे. नाव घेतलं तर उठून जाईल, म्हणून घेत नाही. ती आमच्या चर्चची नाही, आमच्या धर्माची नाही. आई तिच्याबद्दल म्हणायची, “ही माझी शोमरोनी.”

त्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. वाटेत लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या माणसाला तो उचलतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी निघताना तो उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. म्हणजे पुढची शुश्रूषा कुणीतरी मोबदला घेऊन केली आणि शोमरोन्याने तो मोबदला आठवणीने दिला. दया करणाऱ्याने कष्ट करणाऱ्याचे पैसे बुडवले नाहीत. माणसांशी नीट वागणं म्हणजे मोठी काही समाजसेवा असं आपल्याला वाटतं. त्याची सुरुवात घरकामाच्या बाईंचा पगार पाच तारखेला देण्यापासून होते, आणि त्या आजारी पडल्या तर तो न कापण्यापासून.

नोकरकपातीच्या वेळचीच एक गोष्ट सांगते. त्या महिन्यात आमच्या मजल्यावरचे सफाई कर्मचारीही कमी केले गेले. ते कंत्राटी होते. आमच्यासाठी निदान पंधरा मिनिटांचा कॉल होता, काही महिन्यांचा पगार होता, समाजमाध्यमांवर हळहळ होती. त्यांना गेटवरच सांगितलं गेलं, उद्यापासून येऊ नका. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मला माझ्या अन्यायाची जाणीव जेवढी तीव्रतेने झाली, तेवढीच त्यांच्याबद्दल होणं, हीच माझ्या मते श्रद्धेची परीक्षा आहे. रविवारी चर्चमध्ये मी कुठल्या बाकावर बसते, ही नव्हे.

आता माझ्या हाताखाली एक लहान टीम आहे. आम्ही दोन नियम केले आहेत. मुलाखत दिलेल्या प्रत्येक उमेदवाराला, निवड झाली नसली तरी, दोन दिवसांत कळवायचं. त्या सात महिन्यांत उत्तराची वाट पाहणं काय असतं ते मी पाहिलं आहे. आणि काम वेळेवर पूर्ण झाल्याचा मेल जाईल, तेव्हा त्यात टेस्टिंग करणाऱ्यांची नावंही लिहायची. याने जग बदलत नाही. पण कळवायला पाच मिनिटं लागतात आणि समोरच्याची एक रात्र वाचते.

शेवटी आपल्या गावाबद्दल. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई मिशनच्या कामासाठी १८२७ साली मुंबईला आणि १८३९ साली नगरला आली. तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी नगरला येऊन तिची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढचं आपण सगळे जाणतो. मिस फरार १८६२ साली इथेच नगरला वारल्या. एका शिक्षिकेने आपलं काम नीट केलं, ते एकाने लक्ष देऊन पाहिलं आणि पुढे नेलं. मी इंजिनियर झाले, माझ्या वर्गातल्या मुली डॉक्टर, तलाठी, शिक्षिका झाल्या, त्यामागे ही साखळी आहे. हे उपकार मागे फेडता येत नाहीत. ज्यांचे आहेत ते राहिलेले नाहीत. ते पुढच्यांनाच द्यावे लागतात.

म्हणून एक विनंती करते. आपण आज गुरुजनांना शाल-श्रीफळ दिलं, ते योग्यच झालं. ज्यांनी रोज सकाळी पाण्याची टाकी भरली, घंटा दिली, परीक्षेला उशिरा आलेल्यांसाठी फाटक उघडलं, ते मामा आणि मावशीही आज आले आहेत. मागच्या ओळीत बसले आहेत. जेवणाची पंगत बसेल तेव्हा पहिल्यांदा त्यांना बसवू या आणि वाढायला आपण उभे राहू या. नाव आठवत नसेल तर लाजू नका, विचारा.