संकटकाळ आणि आपल्या गावाची सिद्धता

(पंचायत सदस्य, पंचायत सचिव, तलाठी व शिक्षक यांच्या शिबिरात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात भूकंप, महापूर, युद्ध अशी भयंकर चित्रे उभी राहिली असतील. मी मात्र एका साध्या प्रश्नापासून आरंभ करणार आहे. उद्या पहाटे गावची वीज गेली, नळाचे पाणी थांबले, घाट उतरून येणारे ट्रक आले नाहीत आणि ही स्थिती पंधरा दिवस टिकली, तर आपल्या वाड्यावरील माणसे काय खातील, काय पितील आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे काय होईल? समाजाची घडी विसकटते म्हणजे प्रथम एवढेच घडते. जे रोज न मागता दारी येत होते, ते येईनासे होते. पुढचे सारे अनर्थ तेथून सुरू होतात. सामान्य माणूस अशा प्रसंगाला कितपत सिद्ध आहे, याचा प्रामाणिक हिशोब आज आपण मांडू या.

पूर्वीची बेगमी

आपल्या कोकणात आणि गोव्यात हा हिशोब नवा नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की नद्या दुथडी भरत, होड्या किनाऱ्याला लागत आणि चार महिने गाव जगापासून तुटत असे. म्हणून वैशाखातच आगोटीची तयारी होई. कोणी तिला बेगमी म्हणत, कोणी पुरुमेंत म्हणत. कणगीत भात, माळ्यावर नारळ, मडक्यात मीठ आणि चिंच, सुकवलेली सोले, खारवलेली मासळी, कुळीथ, मिरच्या, शाकारलेले छप्पर आणि पडवीत रचलेला लाकूडफाटा हे प्रत्येक संसारी घराचे पावसापूर्वीचे कर्तव्य होते. संकटाची सिद्धता हा तेव्हा पंचांगाचाच एक भाग होता.

परंतु जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याला जमीन होती त्याचीच कणगी भरत असे. मुंडकार आणि मजूर यांच्या घरी श्रावण उजाडेपर्यंत मडकी रिकामी होत. पटकी आणि हिवताप यांपुढे भरलेली कणगीही उपयोगी पडत नसे. आज रस्ते आहेत, आरोग्यकेंद्रे आहेत, लसी आहेत, वादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. या बाबतींत आपण पूर्वजांपेक्षा खचितच अधिक सुरक्षित आहोत. मात्र अन्न, पाणी आणि सरपण या तीन बाबतींत आपण त्यांच्यापेक्षा अधिक परावलंबी झालो आहोत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सीमा बंद झाली तेव्हा

गोव्याने एक दीर्घ नाकेबंदी अनुभवलेली आहे. पोर्तुगीज सत्तेवर दडपण आणण्यासाठी भारत सरकारने १९५४ पासून आर्थिक निर्बंध घातले. ऑगस्ट १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर सीमेवरील व्यवहार थांबले, आगगाडी बंद पडली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या मनीऑर्डरींवर ज्यांच्या चुली पेटत, त्या कुटुंबांचे अतोनात हाल झाले. ही स्थिती काही वर्षे राहिली.

तरीही गोवा उपाशी मेला नाही. याची कारणे दोन. लोह आणि मँगनीज खनिजाच्या निर्यातीचा पैसा हाती असल्यामुळे सरकारने बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि सिमेंट जपानमधून जहाजाने आणविले. हे पहिले कारण. दुसरे असे की, गावोगावी स्वतःचे भात, नारळ, मासळी आणि विहीर होती. पहिला उपाय सरकारच्या हातचा होता आणि त्याला वेळ लागत असे. मधले दिवस माणसे दुसऱ्याच्या आधारावर काढीत. हा दुसरा आधार आज किती उरला आहे, हे आपण पाहावयाचे आहे.

अलीकडचे तीन अनुभव

१५ ऑगस्ट २०१९ रोजी खांडेपार येथे रस्त्याच्या कामाजवळ माती खचून ओपा प्रकल्पाची जलवाहिनी फुटली. फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांचे नळ काही दिवस कोरडे राहिले. भर पावसाळा, आभाळातून धो धो पाणी कोसळत आहे आणि खाली माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत आहेत, असे दृश्य राजधानीत दिसले. नळ आल्यावर विहिरींचा उपसा थांबला होता. काही बुजल्या होत्या, काहींत सांडपाणी झिरपले होते. ज्या वाड्यांनी आपली विहीर किंवा झर राखून ठेवली होती, त्यांचे दिवस त्या मानाने सुसह्य गेले.

दुसरा अनुभव मार्च २०२० मधील टाळेबंदीचा. गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद राहिली आणि बेळगावहून येणारी भाजी सीमेवर अडली. तेव्हा प्रथमच अनेकांच्या ध्यानी आले की आपली भाजी, बरेचसे दूध आणि पुष्कळसा तांदूळ घाटापलीकडून येतो. परसातला कोवळा फणस, शेवग्याचा पाला आणि नदीची मासळी पुन्हा ताटात आली. काही गावांनी त्या वर्षी पडीक शेते लागवडीखाली आणली, ही स्तुत्य गोष्ट होय. पण ज्यांना परस नव्हते, शिधापत्रिका नव्हती आणि ज्यांची रोजची मजुरी हाच शिधा होता, त्या परप्रांतीय कामगारांवर पहिल्याच आठवड्यात उपासमारीची पाळी आली. पंचायती आणि स्वयंसेवक पुढे झाले म्हणून पुष्कळ जण तगले. अनेक गावांत त्यांची यादीच नव्हती. भाड्याच्या खोल्यांतून किती माणसे राहतात, हे शोधण्यातच मोलाचे दिवस गेले.

तिसरा अनुभव १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा. झाडे पडली, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावे काही दिवस अंधारात राहिली. वीज गेली म्हणून पंप थांबला, पंप थांबला म्हणून पाणी थांबले आणि दूरध्वनीचे मनोरे बंद पडल्यामुळे मदत मागण्याचीही सोय उरली नाही. एक धागा तुटला की त्याला गुंतलेले इतर धागे कसे सुटत जातात, याचा हा वस्तुपाठ होता. पुढे २३ जुलैला सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांत पूर आला, तेव्हा पहिल्या तासांत म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारे शेजारीच होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपातही हेच दिसले. शासकीय पथक कितीही तत्पर असले तरी ते पोहोचेपर्यंत जे हात उपलब्ध असतात, ते शेजाऱ्याचे असतात.

घरचा हिशोब

आता थोडे गणित करू. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर पाच माणसांच्या घराला रोज २ किलो धान्य हवे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, म्हणजे पाच जणांना २५ किलो मिळते. ते साडेबारा दिवस पुरेल. बाकीचे दुकानातून येते आणि दुकानदाराचे ट्रकमधून. पाण्याचा हिशोब याहून कडक आहे. पिण्यासाठी माणशी रोज ३ लिटर, आणि स्वयंपाक व स्वच्छता धरून किमान १५ लिटर पाणी हवे. तीन दिवसांसाठी पाच जणांना २२५ लिटर लागेल. विहीर नसलेल्या आणि छपरावर टाकी नसलेल्या किती घरांत इतके पाणी साठवलेले असते? गॅसचा एक सिलिंडर चालू आहे, दुसरा भरलेला आहे का? रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे किती दिवसांची आहेत?

हा हिशोब मांडला तर बहुतेक घरे धान्याच्या बाबतीत पंधरवडा, पाण्याच्या बाबतीत एक-दोन दिवस आणि औषधांच्या बाबतीत एखादा आठवडा तग धरतील, असे माझे अनुमान आहे. म्हणजे आपली सिद्धता सर्वांत कच्च्या कडीइतकीच, एक-दोन दिवसांचीच आहे. कोणी म्हणेल, मी माझ्या घरी सहा महिन्यांचे कोठार भरून ठेवीन. त्याने अवश्य भरावे. परंतु वाड्यावरची विहीर दूषित झाली आणि शेजारी हगवण पसरली, तर ती त्याच्या कुंपणाशी थांबणार नाही.

ज्ञान हेही धान्यच

साहित्य अपुरे असताना ज्ञान माणसाला कसे तारते, याचे एक उदाहरण सांगतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार मिसळलेले पाणी तोंडावाटे देण्यास सांगितले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवर सोपविले. अशा छावण्यांत ३० टक्क्यांच्या घरात जाणारे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. तेच द्रावण प्रत्येक घरात करता येते: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपल्या गावातील किती मातांना हे प्रमाण तोंडपाठ आहे? मीठ अधिक पडले तर अपाय होतो, म्हणून ते नेमके शिकविले पाहिजे.

काय करावे?

आपण कार्यकर्ते आहात, म्हणून चार कामे सुचवितो.

पहिले काम विहिरींचे. प्रत्येक वाड्यावर निदान एक सार्वजनिक विहीर उपसून, कठडा बांधून, वापरात ठेवावी. वापर थांबला की विहीर मरते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरे. पाणी गढूळ असल्यास प्रमाण आरोग्यकेंद्राला विचारावे. पावडर टाकल्यावर निदान तासभर उपसा करू नये.

दुसरे काम यादीचे. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणास खिळलेले, गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले रुग्ण आणि भाड्याने राहणारे कामगार यांची वाड्यावार यादी पंचायतीत असावी आणि दरवर्षी मे महिन्यात ती नवी करावी. प्रत्येक नावापुढे त्याची विचारपूस करणाऱ्या शेजाऱ्याचे नाव असावे. ही यादी कागदावर असावी. वीज नसताना यंत्रातली यादी उपयोगाची नाही.

तिसरे काम बांधांचे. खाजन जमिनीचे बांध आणि मानशी गावकरीच्या काळापासून सामुदायिक जबाबदारीने राखल्या जात. आज ती जबाबदारी कूळ संघांकडे आहे. बांध फुटला आणि खारे पाणी आत शिरले तर शेत पुन्हा गोडे होण्यास काही पावसाळे लागतात. गावाची खरी कणगी तेथे आहे.

चौथे काम शाळेचे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून आपापल्या घराचा हिशोब मांडून घ्यावा: पाणी किती दिवसांचे, धान्य किती, औषध किती, शेजारी कोण. गणिताचा एक तास त्यासाठी पुरे. मूल जे विचारते, त्याचे उत्तर घराला द्यावे लागते.

या चार कामांना मोठा निधी लागत नाही. त्यांना लागते ते सातत्य, आणि तेच दुर्मिळ आहे. सारे सुरळीत चालले असताना विहीर उपसणे कोणाला निकडीचे वाटत नाही. आपले पूर्वज मात्र लख्ख उन्हात छप्पर शाकारीत होते, कारण पाऊस येणार याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल हे आपणांस सांगता येत नाही. ते येणार हे मात्र निश्चित आहे. येत्या मृगापूर्वी आपापल्या वाड्यावरील एक विहीर आणि एक यादी सिद्ध करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.