एकाच बांधावरचे चार भाडेकरू

आजचा विषय आहे पाली, सरडे आणि सापसुरळ्या. तोंड वाकडं करू नका, दोन मिनिटं ऐका.

आमच्या तेरला तेरणेच्या काठानं शेताकडे निघालात, की हे सगळे एकाच शिवारात भेटतात. किडे सगळ्यांनाच हवेत. मग भांडणं का होत नाहीत? मी सॉफ्टवेअरवाला. दोन प्रोग्रामना एकाच वेळी एकच रिसोर्स लागला की सिस्टीम कशी अडकते, ते रोज बघतो. इथं मात्र वाटणी झालेली आहे.

सरडा दिवसपाळीचा. बाभळीच्या खोडावर नाहीतर कुंपणावर बसून राहतो, किडा टप्प्यात आला की झडप! सापसुरळीही दिवसाचीच, पण ती खाली पाचोळ्यात फिरून शोधते. पाल रात्रपाळीला, भिंतीवर. घोरपड अंगानं मोठी, तिला अंडी, उंदीर, खेकडेही चालतात. म्हणजे जागा, वेळ आणि खाणं, असे तीन कप्पे. थॉमस शूनर या शास्त्रज्ञानं १९६८ मध्ये बहामातल्या बिमिनी बेटावरच्या चार जातींच्या सरड्यांचा असाच हिशोब मांडला: कोण किती उंचीवर, किती जाड फांदीवर बसतो आणि केवढा किडा खातो.

पण थांबा. वेगळे राहतात म्हणजे स्पर्धेमुळेच, असं लगेच म्हणता येत नाही. एखाद्याला मुळातच सावली आवडत असेल. खरी परीक्षा होते वाटणी मोडल्यावर. पॅसिफिक बेटांवर बाहेरून एक पाल आली, आपल्याकडे घरात दिसते त्याच जातीची. दिव्याखाली किडे एका जागी गोळा झाले आणि तिनं तिथल्या मूळ पालीला मागं सारलं. १९९३ मध्ये हा अभ्यास छापून आला. दिवा नसता, किडे विखुरलेले असते, तर तिचा वरचष्मा एवढा झाला नसता.

आता आपल्या गावाकडे बघा. बांध कोरून जमीन वाढवायची, बाभळी तोडायच्या, पाचोळा पेटवायचा. यातल्या प्रत्येक कामात कुणाचा तरी कप्पा जातो, आणि पिकावरचे किडे खाणारं एक तोंड कमी होतं.

आणि हो, सापसुरळी विषारी नसते. दिसली की काठी शोधू नका. घोरपड मारणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.

तुमच्या बांधावर कोण कोण राहतं? एक संध्याकाळ बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!